हैदराबाद १२-अ : देणगीच्या विमानांचा हिशेब

लंडनच्या हेन्डन भागात ब्रिटिश हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथे पहिल्या महायुद्धातलं एक दोन आसनी बॉम्बफेकी विमान उभं आहे. डी हॅविलँड ९-ए हा त्याचा प्रकार आणि एफ १०१० हा नोंदणी क्रमांक. त्यावरचा मजकूर वाचला की आपल्यासारखी माणसं थबकतात. हे विमान हैदराबादच्या निजामांनी भेट दिलं आहे असं तिथे लिहिलंय, आणि खाली त्याचं नाव आहे ‘हैदराबाद नं. १२-अ’.

हैदराबादेत, मराठवाड्यात, कलबुर्गी-बिदर भागात ज्यांची घरं चार-पाच पिढ्यांपासून आहेत, त्यांना हे नाव वाचून थोडा अभिमान वाटतो आणि लगेच एक प्रश्नही पडतो. हे विमान नेमकं कुणी दिलं? नाव निजामाचं खरं, पण पैसा कुणाचा? वस्तू मिळवायला आणि पुढे ती जपायला लागणाऱ्या पैशाचा प्रश्न लष्करी विमानांच्या संग्रहालयांत सतत समोर येतो. म्हणून या लेखात विमानांच्या उड्डाणांपेक्षा त्यांच्यामागच्या वर्गणीचा माग घेतला आहे.

नावाचं विमान : ही पद्धत आली कुठून?

१९१५ मध्ये लंडनच्या ओव्हरसीज क्लबने साम्राज्यभरातल्या लोकांना आवाहन केलं की पैसे पाठवा, विमान घ्या, त्यावर तुमचं नाव रंगवू. तेव्हाचा दर ठरलेला होता. बी. ई. २-सी जातीच्या विमानाला १,५०० पौंड आणि व्हिकर्स गनबसला २,२५० पौंड. विमान पडलं तर तेच नाव दुसऱ्या विमानावर चढवायचं, म्हणजे देणगीदाराचं नाव आकाशात कायम राहणार अशी हमी होती. पंजाबातल्या जिल्ह्यांची नावं घेतलेली विमानंही या काळात फ्रान्सवर उडाली.

संस्थानिकांनी ही कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली. मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले होते. त्यांच्या देणगीतून एखाददुसरं विमान नव्हे, तर एका अख्ख्या स्क्वाड्रनची विमानं उभी राहिली. ही ११० नंबरची स्क्वाड्रन. १ नोव्हेंबर १९१७ रोजी ती इंग्लंडमध्ये रेंडकोंबला स्थापन झाली. डी हॅविलँड ९-ए या नव्या विमानांनी सज्ज होऊन फ्रान्सला जाणारी ती पहिली स्क्वाड्रन. सप्टेंबर १९१८ च्या सुरुवातीला ती बेटोंकूरच्या तळावर पोचली. पुढे तिच्या नावात ‘हैदराबाद’ आलं आणि बोधचिन्हात वाघ आला.

आपल्या एफ १०१० ला ४०० अश्वशक्तीचं अमेरिकन लिबर्टी इंजिन होतं. इंग्लंडच्या येओव्हिल गावातल्या वेस्टलँड कारखान्यात ते बांधलं गेलं. म्हणजे इंजिन अमेरिकेचं, सांगाडा इंग्लंडचा, पैसा दख्खनचा आणि लक्ष्य जर्मनी.

बर्लिन, पोलंड, लंडन

५ ऑक्टोबर १९१८ ला कायझर्सलाउटर्न आणि पिर्माझेन्सच्या बाजूला केलेल्या हल्ल्यातून हे विमान परतलं नाही. वैमानिक कॅप्टन इंग्लिस आणि निरीक्षक सेकंड लेफ्टनंट बॉडली जर्मनांच्या हाती लागले. पाच आठवड्यांनी युद्ध संपलं.

जर्मनांनी विमान मोडीत काढलं नाही, विजयचिन्ह म्हणून ठेवून दिलं. १९३६ मध्ये बर्लिनला विमानविद्येचं मोठं संग्रहालय उघडलं, तिथे ते मांडलं गेलं. १९४३ मध्ये बॉम्बवर्षावात त्या संग्रहालयाची धूळधाण झाली. त्याआधी-नंतर जेवढी विमानं वाचली, ती पूर्वेकडे हलवण्यात आली. युद्ध संपल्यावर तो प्रदेश पोलंडमध्ये गेला आणि ही विमानंही पोलंडची झाली. क्राकोच्या विमान संग्रहालयाच्या संग्रहात त्यांतली बरीच आजही आहेत.

१९७७ मध्ये अदलाबदल झाली. लंडनने क्राकोला एक स्पिटफायर दिलं आणि क्राकोने लंडनला ‘हैदराबाद १२-अ’ दिलं. सौदा दोघांनाही मानवणारा होता. दुसऱ्या महायुद्धात पोलिश वैमानिक ब्रिटनमधून स्पिटफायर उडवत होते, त्यामुळे पोलंडला ते विमान हवंच होतं. लंडनला आलेल्या विमानाचे पंख मधल्या धामधुमीत गेले होते. ते नव्याने बांधून, बाकी सगळी डागडुजी करून मग ते प्रेक्षकांसमोर आलं.

एकोणसाठ वर्षांत ते तीन देशांत फिरलं. जिंकलेल्याचं झालं, हरलेल्याचं झालं, शेवटी बदल्यात दिलं-घेतलं गेलं. या सगळ्या फिरण्यात ‘हैदराबाद’ हे नाव मात्र त्याला चिकटून राहिलं. नाव रंगवण्याची ती जुनी हमी अशा विचित्र रीतीने पाळली गेली!

वर्गणी, देणगी, नजराणा, पट्टी

आता मूळ प्रश्न. पैसे देण्याला मराठीत एकच शब्द नाही. चार घरं मिळून काढतात ती वर्गणी. आपल्या खिशातून आपखुशीने देतो ती देणगी. वरच्याला द्यावा लागतो तो नजराणा. सरकार बसवतं ती पट्टी. हे फरक लोकांनी अनुभवातून केलेले आहेत. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मुलांना आपण ‘पुढच्या रविवारी या’ म्हणू शकतो. पट्टीला तसं म्हणता येत नाही.

मग निजामाचं विमान यांतलं काय? लंडनच्या नजरेतून ती देणगी. निजाम आणि ब्रिटिश सरकार यांच्यातलं नातं पाहिलं तर नजराण्याच्या जवळ जाणारी. १९१८ च्याच सुमारास त्यांना ‘एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू मित्र’ हे किताब मिळाले. आणि रयतेच्या बाजूने पाहिलं तर?

हैदराबाद संस्थानाच्या जमिनी ढोबळमानाने तीन खात्यांत होत्या : सरकारी दिवाणी मुलूख, जहागिरी आणि निजामाची खाजगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास. शहराभोवतीचा अत्राफ-ए-बल्दा हा सर्फ-ए-खासचाच जिल्हा. पैसा राज्याच्या तिजोरीतून जावो की राजाच्या खाजगीतून, दोन्हींचा मुख्य उगम एकच होता : शेतसारा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे, तेलंगणातले तेलुगू जिल्हे आणि कानडी जिल्हे, या सगळ्यांतल्या शेतकऱ्याच्या घामातून तो आलेला. आणि त्याचा खर्च ठरवायला लोकांनी निवडून दिलेलं, अंदाजपत्रकावर मत देणारं सभागृह संस्थानात नव्हतं.

१९१८ सालही लक्षात घ्यायला हवं. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. त्यावर इन्फ्लुएन्झाची साथ आली. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती मुंबईत आणि दख्खनमध्ये भर जोरात होती. एफ १०१० जर्मनीवर पडलं ते याच दिवसांत. दोन गोष्टींचा थेट कार्यकारणसंबंध जोडायचं कारण नाही, कारण पैसे आधीच दिलेले होते. पण फलकावर एक नाव वाचताना, त्याच महिन्यात नाव नसलेली किती माणसं त्या मुलखात मरत होती, हे ठाऊक असणं म्हणजे इतिहास वाचणं.

माणसांचाही हिशेब असतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले हिंदी वैमानिक बोटांवर मोजण्याइतके. त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. २३ नंबरच्या स्क्वाड्रनमधून ते डॉल्फिन विमान उडवत. जून १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागून, जखमांनी त्यांचा अंत झाला. फ्रान्समध्ये हांगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. संस्थानिकांच्या विमानांची नावं जितकी ठाऊक असतात, तितकं वेलिणकरांचं नाव आपल्यातही ठाऊक नाही.

१९४० : चौकातलं मेसरश्मिट

दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत घराघरांत शिरली. मे १९४० मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक ब्रिटनचे विमान उत्पादन मंत्री झाले. जमैकातल्या ‘ग्लीनर’ या वर्तमानपत्राने विचारलं, एक बॉम्बर केवढ्याला पडतं? उत्तर गेलं : २०,००० पौंड. वाचकांनी पैसे जमवून पाठवले. मग स्पिटफायरचा ‘भाव’ ५,००० पौंड ठरला. खरा खर्च याहून बराच जास्त होता, पण आकडा गावाला झेपेल असा हवा होता. पुढे तर सुट्या भागांचे भाव छापले गेले : रिव्हेट सहा पेन्सला, पंख २,००० पौंडांना. ज्याची ऐपत सहा पेन्सची, त्यानेही म्हणावं की त्या विमानात माझा एक खिळा आहे.

आणि मग जत्राच सुरू झाल्या. पाडलेलं जर्मन मेसरश्मिट गावच्या चौकात आणून ठेवायचं, बघायला पैसे घ्यायचे, गल्ला स्पिटफायर फंडात. डोरोथी नावाच्या बायकांनी मिळून एका स्पिटफायरचे पैसे भरले, त्याचं नाव ‘डोरोथी’च ठेवलं. १९४३ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात अख्खं लँकेस्टर बॉम्बर उभं केलं होतं. लोक युद्धबचतीची तिकिटं विकत घेऊन बॉम्बवर चिकटवत.

आज विमान संग्रहालयं निधीसाठी जे करतात, म्हणजे मोकळे दिवस, कॉकपिटमध्ये बसायचं तिकीट, ‘एक रिव्हेट दत्तक घ्या’ अशा योजना, त्या सगळ्याचे धागे या १९४० च्या चौकात सापडतात. विमान बघायला माणूस येतो, मुलांना घेऊन येतो आणि जाताना पेटीत काहीतरी टाकून जातो.

संस्थानं याही वेळी मागे नव्हती. हैदराबादचं नाव आणखी दोन स्क्वाड्रनना मिळालं, १५२ आणि २५३. दोघीही १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत होत्या. १५२ च्या चिन्हात निजामाची पगडी आली आणि बोधवाक्य झालं ‘विश्वासू मित्र’, म्हणजे तोच जुना किताब. हीच स्क्वाड्रन पुढे हिंदुस्थानात येऊन ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीतून १२४ (बडोदा) स्क्वाड्रन झाली. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या कॅसलटाउनला ती स्पिटफायरसह उभी राहिली, तिच्या चिन्हात मुंगूस आहे. म्हैसूरच्या नावाची १२९, तिच्यावर गंडभेरुंड. या चिन्हांकडे पाहिलं तर जणू आपल्याकडचे दरबारच इंग्लंडच्या तळांवर भरले होते!

पण त्याच वेळी इकडे काय चाललं होतं? १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारमध्ये विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याची घोषणाच अशी होती की या युद्धाला पैशाने किंवा माणसांनी मदत करणं चूक आहे. हैदराबादेत स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. म्हणजे एकीकडे ‘पैसे द्या, नाव लावू’ आणि दुसरीकडे ‘पैसे देणार नाही’ म्हणून तुरुंग. इंग्लंडच्या खेड्यातल्या मुलाचे सहा पेन्स ही वर्गणी होती, कारण त्याचं घर बॉम्बखाली होतं आणि त्याच्या बापाला मत होतं. आपल्याकडे ते दोन्ही लागू नव्हतं. हिटलरला हरवणं गरजेचं होतं, हे मान्य करूनही हा फरक पुसला जात नाही.

देणगीला फुटलेले पाय

दिलेल्या पैशाचं पुढे काय होतं, याची दोन उदाहरणं आपल्याच लोकांची आहेत.

पहिलं ग्वाल्हेरचं. १९१४-१५ मध्ये माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी एक जुनं प्रवासी जहाज विकत घेतलं आणि ‘लॉयल्टी’ नावाने इस्पितळाचं जहाज म्हणून दिलं. युद्धानंतर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी घेतलं. कंपनीचं नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ झालं. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतात. नाव ‘निष्ठा’, काम इंग्रजी जहाज कंपन्यांना टक्कर देण्याचं.

दुसरं सोलापूरच्या त्याच वालचंदांचं. डिसेंबर १९४० मध्ये, स्पिटफायर फंड भरात असताना, त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. म्हैसूर संस्थान भागीदार झालं, जागा दिली. युद्धात सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि त्यातूनच पुढे आजची एच. ए. एल. झाली. म्हैसूरने दोन्ही केलं, लंडनला स्क्वाड्रनही दिली आणि घरी कारखान्यालाही पैसे दिले. स्क्वाड्रनच्या नावाचं चिन्ह राहिलं. कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या कारागीर घडले. २००१ मध्ये एच. ए. एल. ने बंगळूरला स्वतःचं विमान संग्रहालय उघडलं, तिथे तिने बनवलेली विमानं दाखवायला आहेत. आपल्या संस्थानांच्या देणग्या मोजताना ही जोडी समोर ठेवायला हवी.

जपायला पैसा कुठून येतो

विमान मिळवणं एक आणि जपणं दुसरं. हेन्डनचं संग्रहालय १९७२ मध्ये उघडलं ते जुन्या हँगरच्या इमारतींत. आज तिथे प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे सरकारी अनुदानाबरोबर दानपेटी, सभासद आणि कार्यक्रम यांवर भिस्त असते.

उडतं विमान टिकवणं त्याहून अवघड. ब्रिटनचं व्हल्कन एक्सएच ५५८ हे बॉम्बर १९९३ ला निवृत्त झालं. ते पुन्हा उडवायचा ध्यास काही लोकांनी घेतला. लॉटरीच्या वारसा निधीतून २७ लाख पौंड मिळाले, तरी २००६ मध्ये काम बंद पडायची वेळ आली. हजारो छोट्या देणगीदारांबरोबर सर जॅक हेवर्ड या एका माणसाने पाच लाख पौंड दिले आणि १८ ऑक्टोबर २००७ ला ते उडालं. आठ वर्षं लोकांनी ते आकाशात ठेवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते शेवटचं उतरलं, पैसा संपला एवढ्यामुळेच नव्हे, तर जुन्या यंत्राची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला म्हणून. म्हणजे वर्गणीने इंधन येतं, पण कसब आणि कारागीर नुसत्या वर्गणीने येत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण दुखरं आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले केले होते. २००१ पासून ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून होती, शाळांच्या सहली तिथे जात. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ती बंद झाली. कायमची जपायला लागणारा पैसा राज्याने उभा केला नाही. लिलावात ती सुमारे ६० कोटींना गेली, कोर्टातले प्रयत्न फसले आणि २०१४ मध्ये मुंबईतच तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा थोडा भाग एका मोटरसायकलमध्ये गेला. जिथे डोरोथींनी विमान विकत घेतलं, तिथे कोट्यवधींच्या शहराला एक जहाज राखता आलं नाही. हे म्हणताना लोकांना दोष देणं सोपं आहे. पण वेळेवर, हिशेब उघडा ठेवून, विश्वासाने मागणारी व्यवस्था उभी राहिली नाही, हे जास्त खरं कारण वाटतं.

विक्रांतवरून उडणारी विमानं मात्र आहेत. गोव्यात, वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ मध्ये नौदलाचं विमान संग्रहालय झालं. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन तिथे आहे. समुद्राची खारी हवा आणि पावसाळा या दोघांशी रोजची झुंज असते. धातू खाणारा गंज फलक वाचत नाही.

फलकावर काय लिहावं

आपली मंडळं छोटी. बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही जा, जुन्या वाचनालयाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावाची फरशी असतेच. कुणी एकशे एक रुपये, कुणी एकवीस. एकशे एकवाल्याच्या वर एकवीसवाल्याचं नाव असेल तर भांडणंही होतात! पण त्या फरशीचं एक बरं आहे. ज्याने दिले त्याचंच नाव तिच्यावर आहे.

‘हैदराबाद १२-अ’ च्या फलकावरचा मजकूर बदलायचं कारण नाही, तो १९१८ चा पुरावा आहे. पण त्याच्याबद्दल आपण जे लिहू, सांगू, मुलांना सहलीत दाखवू, त्यात ‘निजामाने दिलेलं’ या शब्दांपुढे एक ओळ हवी : हैदराबाद संस्थानातल्या तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या रयतेच्या साऱ्यातून. आपल्या घरांत जुन्या सातबाऱ्यांबरोबर पडून असलेल्या साऱ्याच्या पावत्या, युद्धफंडाच्या पावत्या, संस्थानी गॅझेटांचे सुटे अंक, हे सगळं या विमानाचे सुटे भागच आहेत. ते कुणी रद्दीत घालू नये. आपापल्या गावच्या वाचनालयात, मंडळात आणून द्यावेत, नोंद करून पोच घ्यावी.

आणि कुणी वर्गणी मागायला आलं, मग ते विमानासाठी असो, किल्ल्यासाठी असो की मोडकळीला आलेल्या वाचनालयासाठी असो, तर पैसे देताना एक प्रश्न जरूर विचारावा : हिशेब कुठे लावणार? तो ज्याने दारावर लावला, त्याला वर्गणी पुढच्या वर्षीही मिळते.